लखलखीचे पाच मासे

तिचं खरं नाव लग्नाच्या कागदावर होतं आणि तो कागद ट्रंकेच्या तळाशी होता. बाकी सगळे तिला लखलखी म्हणायचे. हे नाव नणंदेने ठेवलं, तेही लग्नाला आठ दिवस झाले नव्हते तेव्हा. नव्या नवरीने चहाची किटली घासायला घेतली आणि इतकी घासली, की किटलीवरची रंगवलेली फुलं नळाखालून वाहून गेली. "अगं बाई, ही लखलखी आपल्यालाही घासून फळीवर मांडून ठेवेल," नणंद म्हणाली. सगळे हसले आणि नाव चिकटलं. घासून निघेना असं घरात तेवढंच एक राहिलं.

नवऱ्याचं मत्स्यतळं होतं. तळं म्हणजे काय, लांबलचक चौकोनी खड्डा, कडेने गवत, पाण्यावर शेवाळाची गोधडी, आणि काठावर पत्र्याची एक शेड. नवरा मुळात जाळी विणणारा माणूस. मासे पाळायचे ते असेच, जमलं तर जमलं. लखलखीने पहिल्या वर्षी गवत काढलं, दुसऱ्या वर्षी शेवाळ उपसलं, तिसऱ्या वर्षी पाण्यात उतरायच्या पायऱ्या फरशीच्या करून घेतल्या आणि त्या रोज सकाळी खराट्याने धुवायला लागली.

"पायऱ्या कोणासाठी धुतेस? मासे काय चढून वर येणार आहेत?" नणंद शेजारच्या दारातून विचारायची.

"आले तर पाय घसरायला नको, वन्सं."

तर असं ते तळं. शाळा जेमतेम चार यत्ता झालेली, पण पाण्याचा रंग बघून तिला कळायचं की माशांना आज खाणं कमी घालायचं. सकाळी ती काठावर उभी राहिली की तिलापिया माशांचा सगळा थवा तिच्या सावलीखाली गोळा व्हायचा आणि तोंडं वर करून पाणी खळबळवायचा. नवरा काठावर आला तर एकही यायचा नाही. "माझ्याच घरात मला कोणी विचारत नाही," तो म्हणायचा, पण त्याला ते आवडायचं.

शनिवारी फाटकाशी विक्री व्हायची. लोक लांबून यायचे. लखलखीच्या तळ्यातला मासा म्हणजे डोळे मिटून घ्यावा, असं म्हणायचे. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरातली बाई, दांडगी, मोठ्या आवाजाची. तिच्या दोनशे पोरांसाठी दर शनिवारी चार ट्रे जायचे, जाळ्यातून थेट बर्फात. साफसफाई तिची माणसं तिकडे करायची.

वर्षातून एकदा सरकारी प्रयोगशाळेची गाडी यायची. तळ्यातले पाच मासे न्यायचे, आत काही वाईट तर नाही ना ते बघायचं आणि कागद पाठवायचा. कागद आला की विक्री चालू. आता हे पाच मासे द्यायचे कसे, ते लखलखीला कोणी सांगितलंच नव्हतं. गाडीवाला म्हणायचा, "पाच द्या," की झालं. मग तिने आपल्या मनाने काय केलं असेल? परक्या घरी, तेही सरकारी घरी, खवल्याचा चिकट मासा पाठवायचा? छे! ती पाच देखणे मासे निवडायची, खवले काढायची, पोट साफ करायची, कल्ले काढायची, सात पाण्यांनी धुवायची आणि पांढऱ्या फडक्यात गुंडाळून बर्फावर ठेवायची. अकरा वर्षं हे असंच चाललं. तिथला जुना माणूस त्यावर कधी काही बोलला नाही. उलट एकदा कागदाच्या कोपऱ्यात त्याने लिहिलं होतं, 'नमुना फारच स्वच्छ.' तो कागद लखलखीने चौकटीत घालून भिंतीवर लावला. त्या बिचाऱ्याने बहुतेक कुरकुर केली होती. पण लखलखीला कौतुक कुठूनही ऐकू यायचं.

बाराव्या वर्षी जुना माणूस निवृत्त झाला आणि त्याच्या जागी एक तरुण मुलगी आली. आणि कागद आला तो असा, की माशांत शिसं सापडलं. असायला हवं त्याच्या तिप्पट. विक्री ताबडतोब बंद. आठवड्याने दुसरा नमुना घेणार, आणि तोही वाईट निघाला तर तळं उपसून मासे चुन्यात पुरणार.

नवऱ्याने कागद दोनदा वाचला. लखलखी पायरीवर बसली होती. मासे नेहमीसारखे तोंडं वर करून तिच्याकडे बघत होते.

"शिसं म्हणजे तुमच्या त्या मण्यांतलं?" तिने विचारलं. नवरा फेकजाळ्याच्या कडेला शिशाचे मणी लावायचा, जाळं झटकन बुडावं म्हणून. जुनं शिसं शेडमध्ये वितळवून मणी तोच ओतायचा.

"तेच. पण मणी पाण्यात कितीसे जातात? मिनिटभर बुडतात आणि वर येतात. इतकी वर्षं झालं नाही ते आत्ताच कसं होईल?"

"मग आलं कुठून?"

 लखलखीला त्या रात्री काही जेवण गेलं नाही. मासे पुरायचे हे एक. पण शाळेची दोनशे पोरं? दर शनिवारी तिच्या हातचे चार ट्रे? 

मग दुसऱ्या नमुन्याची वेळ आली. आणि लखलखीने काय केलं? घासलं! पहिल्यापेक्षा दुप्पट घासलं. तिला वाटलं, आपल्याच हातून कुठेतरी कसर राहिली असणार. तारेचा ब्रश घेऊन एकेक मासा असा खरवडला, की एखाद्याला वाटावं लग्नाला निघालाय. दहा पाण्यांनी धुतला. फडकंही नवं कोरं काढलं.

दुसरा कागद आला. पहिल्याहून वाईट.

"आता काय त्यांना साबण लावणार होतीस?" नणंद म्हणाली. पण या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. ती लखलखीशेजारी बसली आणि शेंगा सोलून तिच्या हातात देत राहिली, लहान मुलाला द्याव्यात तशा.

तळं कधी उपसायचं ती तारीख येणार होती. त्याऐवजी सकाळी फाटकाशी एक स्कूटर थांबली आणि डोक्याला केसांचा घट्ट बुचडा बांधलेली, लहान चणीची एक मुलगी उतरली. पाठीला पिशवी, हातात बर्फाचा डबा.

"मावशी, मी प्रयोगशाळेतली. शिसं मीच शोधलं."

लखलखीला वाटलं होतं, शिसं शोधणारी बाई चांगली उंच, चष्मेवाली, कपाळाला आठ्या घातलेली असेल. ही तर शेजारच्या मुलीसारखी. तिला रागवायचं कसं तेच कळेना.

"आत ये. चहा घेशील?"

"नंतर. आधी मला एक सांगा. त्या माशांची पोटं कुठे गेली?"

"म्हणजे?"

"दोन्ही वेळा माशांना पोटं नव्हती, कल्ले नव्हते, खवले नव्हते. मला वाटलं आमच्या शिपायाने साफ केले. तो म्हणतो मी नाही. गाडीवाला म्हणतो मी नाही. आणि दुसऱ्या वेळी मी कातडी वेगळी तपासली आणि आतलं मांस वेगळं. मावशी, कातडीवर शिसंच शिसं. आत जवळजवळ काही नाही. मासा शिसं खातो तर ते वरून फासल्यासारखं कसं दिसेल? दोन रात्री मला झोप नाही."

"मलापण नाही," लखलखी म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे बघून, का कोण जाणे, हसल्या.

"तर आता असं करा," मुलगी म्हणाली. "जाळ्यातून दहा मासे काढू. पाच मी आहेत तसे पिशवीत घालते. उरलेले पाच तुम्ही त्या दोन वेळी जसे केले तसेच करा. काही कमी नको, काही जास्त नको. मी फक्त बघते."

नवऱ्याने जाळं टाकलं. मुलीने हातमोजे घालून पाच मासे उचलले. ओले, बुळबुळीत, शेपट्या आपटणारे. तसेच पिशवीत. लखलखीने डोळे फिरवले. असा मासा दुसऱ्याच्या घरी पाठवायचा म्हणजे लेकराला शेंबड्या नाकाने पाहुण्यांसमोर उभं करणं.

मग तिचे पाच. ती शेडशेजारच्या ओट्यावर बसली, पदर खोचला आणि कामाला लागली. सुरी, पाणी, ब्रश. ब्रश खवल्यांवरून उलटा फिरायला लागला, खर्र, खर्र. मुलगी वहीत लिहीत होती. नणंद भिंतीवरून डोकावत होती. नवरा जाळं झटकत आला, ओट्याजवळ थबकला, आणि त्याचा चेहरा उजळला.

"अगं! हा इथे होता होय? दोन महिने झाले शोधतोय मी!"

लखलखीचा हात थांबला.

"काय शोधताय?" मुलीने विचारलं.

"हा ब्रश. माझा आहे हा. मणी ओतल्यावर त्यांच्या कडा याने घासतो मी. शेड पालथी घातली याच्यासाठी. शेवटी पायपुसण्यावर मणी घासायला लागलो."

 तिने ब्रश हळूच ओट्यावर ठेवला.

खरं काय ते लखलखीला ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी तिच्या स्वतःच्या ब्रशाच्या तारा झडल्या. शेडमध्ये हा पडलेला दिसला. काळा झाला होता. तिने उचलला, राखेने घासला, उकळत्या पाण्यात टाकला, चकचकीत केला. मग तो तिचाच झाला. नवरा शोधत होता ते ती रोज बघत होती, आणि रोज गप्प बसत होती, कारण सांगितलं असतं तर त्याने परत मागितला असता. एवढा छान ब्रश.

"मी उकळला होता गं," ती हळूच म्हणाली.

मुलीने ब्रश प्रकाशात धरला. तारांच्या बुडाशी राखाडी चुरा घट्ट बसला होता. तो उकळून जाणारा नव्हता. ती बघत राहिली, आणि मग तिला हसू फुटलं. आधी दाबलं, मग दाबता येईना. "मावशी, म्हणजे तुम्ही जितकं साफ करत होता तितकं..."

"तितकं लावत होते," लखलखीने वाक्य पुरं केलं. आणि तिचा चेहरा एकदम बदलला. "अगं, आणि शाळेची पोरं?"

"शाळेचे मासे कोण साफ करतं?"

"त्यांचे तेच करतात. इथून जाळ्यातून थेट जातात."

"मग त्यांना काही नाही. या ब्रशाखाली गेलेले मासे कोणी खाल्ले?"

लखलखीने बोटावर मोजलं. "आम्ही दोघांनी. आणि वन्सं. त्यांना दर रविवारी दोन देते मी, साफ करून."

भिंतीवरून आवाज आला, "आता कळलं, इतकी माया का उतू जात होती ते!"

मुलगी हसली, पण तिघांनाही रक्त तपासून घ्यायला बजावून गेली. ते तपासलं. नणंदेचं अगदी ठीक निघालं, आणि त्याचं तिला किंचित वाईटच वाटलं, कारण टोमण्याचा मोठा वार हातचा गेला. लखलखीचं थोडं वाढलेलं, आणि नवऱ्याचं बरंच. त्याचं काही माशांमुळे नव्हतं, बंद शेडमध्ये वर्षानुवर्षं शिसं वितळवून, त्याची वाफ आणि चुरा छातीत घेऊन वाढलं होतं. डॉक्टर त्याला चांगलंच बोलले. शिसं त्या दिवसापासून बंद, शेडमधली वरची माती काढून न्यायची, ओटा फोडायचा. तो आता जाळ्याला लोखंडी कड्या लावतो. जाळं पूर्वीसारखं बुडत नाही म्हणून कुरकुरतो, पण तीन महिन्यांनी दोघांचंही रक्त खाली आलं तेव्हा कागद घेऊन गल्लीभर हिंडला तोच.

पण ते पुढचं. त्याआधी निकालाचा दिवस आला, आणि निकाल घ्यायला लखलखी नवऱ्याला घेऊन स्वतः प्रयोगशाळेत गेली. दारातच उभी राहिली. पांढऱ्या फरश्या, पांढरे ओटे, काचेच्या नळ्या उतरत्या उंचीने मांडलेल्या, आणि सुऱ्यासुद्धा चिनी मातीच्या, कारण धातूचा कण लागायला नको. एवढी स्वच्छ जागा तिने जन्मात पाहिली नव्हती. देवाने तिला चार यत्तांऐवजी चौदा यत्ता दिल्या असत्या तर ती इथेच राहायला आली असती. फक्त नळाच्या तोटीवर एक डाग होता. तो तिने पदराने पुसला.

"मावशी, आहे तसे दिलेले पाच अगदी चांगले," मुलगी धावत येत म्हणाली. "आणि तुम्ही साफ केलेले पाच शिशाने भरलेले. तळं साफ आहे!"

आतून तिचे साहेब आले. भला माणूस. म्हणाले, "कागदावर आम्ही 'आधीचे नमुने सदोष' एवढंच लिहितो. चूक कोणाची ते लिहायची गरज नाही. शनिवारपासून विका."

परतताना नवरा गाडीत म्हणाला, "सुटलो. कोणाला काही सांगायची गरज नाही."

लखलखी खिडकीबाहेर बघत होती. सांगायची गरज नाही खरी. पण लोक काय बोलत होते ते तिने ऐकलं होतं. फाटकाशी, दुकानात, नळावर. म्हणे प्रयोगशाळेत कालची पोर आणून बसवलीय, तिला मशीन चालवता येत नाही. म्हणे जुना माणूस होता तोवर सगळं ठीक होतं. आता 'सदोष' असा कागद लागला की सगळे म्हणणार, बघा, पोरीचीच चूक. आणि ज्या पोरीने दोन रात्री झोप घालवून तळं वाचवलं, तिच्या नावाला डाग. दुसऱ्याच्या नळावरचा डागसुद्धा जिला बघवत नाही, तिने हा कसा बघायचा?

आणि सांगायचं म्हणजे काय? अख्ख्या गावात जिची स्वच्छता वाखाणतात तिने फाटकाशी उभं राहून म्हणायचं, की घाण माझ्या हातची होती. नणंदेला आयुष्यभराचं खाद्य.

शनिवार आला. फाटकाशी गर्दी झाली. शाळेची बाई सगळ्यांच्या पुढे.

"सुटलात ना? मला ठाऊकच होतं! ती प्रयोगशाळेतली पोरगी..."

"थांबा," लखलखी म्हणाली. तिला मोठ्याने बोलायची सवय नव्हती, म्हणून ती उलट्या ट्रेवर चढली. ट्रे हलला. नणंदेने खालून तिचा हात धरला. "पोरीची काही चूक नाही. मशीनचीही नाही. मी माझ्या नवऱ्याचा ब्रश ढापला. शिसं घासायचा ब्रश. त्याने मासे साफ करून पाठवले. पाठवायचे नव्हते साफ करून, तरी पाठवले. शिसं माझ्या ब्रशातलं. तळं चांगलं आहे, मासे चांगले आहेत, ती पोरगी हुशार आहे. वाईट कोण असेल तर मी. आता कोणाला घ्यायचे त्याने घ्या."

 एक बाई दुसरीच्या कानात काही बोलली. शाळेची बाई भुवया आक्रसून उभी.

"आणि आमचे? पोरांचे?"

"तुमच्या माशांना माझा हात लागलाच नाही. म्हणून ते चांगले राहिले."

शाळेच्या बाईने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा ट्रेकडे, आणि तिचं ते दांडगं हसू फाटकाबाहेर गेलं. "अहो, मग पुढेही हात लावू नका! द्या चार ट्रे. चांगले घाणेरडे बघून द्या."

झालं. सगळे हसायला लागले. कोणीतरी म्हणालं, मला दोन, न आंघोळ केलेले. कोणी म्हणालं, माझ्या सुनेला पाठवू का तुमच्याकडे, तिला साफ न करायचं छान जमतं. नवरा पाण्यात उतरला आणि जाळं फेकलं. लखलखी ट्रेवरून उतरली तरी नणंदेने अजून हात सोडला नव्हता.

"वहिनी," नणंद कानाशी म्हणाली, "ढापला हा शब्द नसता वापरलास तरी चाललं असतं."

"चुकून आला, वन्सं."

"असू दे. छान होता."

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा स्कूटर आली. प्रयोगशाळेतली मुलगी, सुट्टीच्या कपड्यांत. तिला कोणीतरी सगळं सांगितलं होतं. ती लखलखीसमोर उभी राहिली. मग म्हणाली, "मावशी, मलापण एक मासा द्या. विकत."

"घे की. तुला कसा देऊ, आहे तसा?"

मुलीचा चेहरा पडला. "मला साफ करता येत नाही."

"काय? दिवसभर मासेच कापतेस ना?"

"कापते, आणि आम्लात विरघळवते. तेवढंच येतं मला. मासा शिजवलेला मी आईच्या घरचा सोडून कधी खाल्ला नाही."

लखलखीने तिच्याकडे असं बघितलं, जसं तिने पहिल्या वर्षी त्या शेवाळलेल्या तळ्याकडे बघितलं असेल. मग तिने दुकानातून आणलेला कोरा ब्रश काढला, अजून कागदाच्या वेष्टणात होता तो, आणि धुतलेल्या पायरीवर तिला शेजारी बसवून घेतलं.

"शेपटीकडून डोक्याकडे. उलटा. भिऊ नकोस, तो आता चावत नाही."

पहिला खवला उडाला तो मुलीच्या कपाळावर बसला. दुसरा नणंदेच्या चहात. लखलखी पुसायला उठलीच नाही. म्हणाली, "होऊ दे गं. कर पुढे."